मखमसाचा मुक्काम

खारशेत बंदरात परदेशातून उतरलेल्या शब्दाला भाषांतर होईपर्यंत भाषांतरकाराच्या घरी राहावं लागतं. नियम जुना आहे आणि त्याबद्दल गावात कुणाची तक्रार नाही. शब्द लाँचमधून उतरतो, लाँचचा तांडेल त्याला हाताला धरून घरापर्यंत पोचवतो आणि भाषांतरकार त्याला ओसरीवर बसवून पाणी देतो. मग काही दिवस त्याच्याबरोबर उठायचं, बसायचं, जेवायचं. तो कशाने खूश होतो, कशाने चिडतो, झोपेत काय बडबडतो हे पाहत राहायचं. शब्दाचा अर्थ असा कळतो. कोश उघडला की अर्थ सापडतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी जन्मात कधी कुणाला घरी ठेवून घेतलेलं नसावं.

मैमूना तिसेकर ही खारशेतची अरबीची भाषांतरकार. मुलींना कुराण आणि व्याकरण शिकवण्यात तिची उमर गेली होती. बंदर खात्याला दुसरं कुणी मिळेना म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं, आणि एकदा पडल्यावर तिने ते चोख केलं. आजवर तिच्याकडे आलेले पाहुणे साधे होते. खजुराचा शब्द आला, तो जाताना उशीला चिकटून बसला आणि ओढून काढावा लागला. वाऱ्याच्या एका शब्दाने घरावरची कौलं उलटी करून ठेवली, पण स्वभावाने तो गरीब होता.

तिचा नवरा दाऊद आयुष्यभर जहाजावर भंडारी होता. जहाजावरच्या स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात. नोकरी संपवून घरी आला त्या दिवशीच त्याने मैमूनाच्या हातातून पळी काढून घेतली, आणि त्यानंतर तिला चुलीपाशी फिरकू दिलं नाही. हिला साधा भात धड येत नाही असं तो चारचौघांत सांगे, आणि ते खरंही होतं. दारात आलेला माणूस न जेवता गेला तर दाऊदचा सगळा दिवस वाया जायचा. मग तो भांडी आपटायचा, मांजराशी भांडायचा, आणि शेवटी त्या माणसाच्या घरी डबा पोचवून यायचा.

आता पाटीबद्दल सांगायला हवं. धक्क्यावर लाकडाची एक उंच काळी पाटी उभी आहे. भाषांतर झालं की मराठी शब्द त्यावर खडूने लिहितात आणि पाहुण्याला समोर उभं करतात. पाहुण्याने स्वतःला ओळखलं की तो "हा मी" किंवा "ही मी" म्हणतो. त्यानंतर माथाडी पाटी वाचतात आणि तिच्यावर जे असेल त्याप्रमाणे जहाज भरतात, कमी नाही आणि जास्त नाही. माल पलीकडे उतरेपर्यंत पाटीवरचा शब्द तसाच राहावा लागतो. मागे एकदा एका शेळीने पाटी चाटली, तेव्हा अर्ध्या समुद्रात गेलेलं जहाज मागे वळून धक्क्याला लागलं होतं.

त्या वर्षी बंदरात एक मोठं जहाज येऊन उभं राहिलं. समुद्रापलीकडच्या एका खोऱ्यात माणसं अन्नावाचून मरत होती आणि धक्क्यावरचं गोदाम त्यांच्यासाठी तांदळाने छपरापर्यंत भरलं होतं. हे हमालापासून साहेबापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असून काय उपयोग, पाटीवर शब्द लागतो. बंदर अधिकारी शिरधनकर साहेबांनी खोऱ्याला निरोप धाडला, की तुमच्याकडे जे चाललंय त्याला तुम्ही काय म्हणता ते पाठवून द्या.

पहिल्यांदा मजाआ आली. 'जू' म्हणजे भूक, ते तिचं माहेर. सगळ्यांना एकदम लागलेली भूक, ती लागण्याचा काळ आणि ती लागण्याची जागा, असा तिचा भरगच्च अर्थ. मैमूना मनाची तयारी करून दारात उभी राहिली होती. पण लाँचमधून उतरली ती चांगली गरगरीत बाई, गळ्यात ओळखपत्र आणि हातात चामड्याची बॅग. रेडिओवर, वर्तमानपत्रांत, परिषदांत तिला वर्षानुवर्षं इतकी बोलावणी येत होती की तिचं अंग सुटलं होतं. दाऊदने बांगड्याचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या. मजाआने बोटं चाटली आणि वाटेत एका बंदरात यापेक्षा बरी कोळंबी मिळाली होती असं सांगितलं.

पाटीवर मैमूनाने 'दुष्काळ' लिहिलं. मजाआने चष्मा लावून पाहिलं आणि मान हलवली. 'उपासमार' लिहिलं, तर ती हसली. शेवटी शिरधनकर साहेबांनी स्वतः खडू घेतला आणि नोकरीच्या अनुभवावरून लिहिलं, 'टंचाईसदृश परिस्थिती'. मजाआचा चेहरा उजळला आणि ती म्हणाली, "ही मी."

माथाड्यांनी त्याप्रमाणे काही घोंगड्या चढवल्या. जहाज जाऊन परत आलं. घोंगड्या कामाला आल्या, असं तांडेल म्हणाला. कशा कामाला आल्या ते त्याने सांगितलं नाही आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

मग कहत आला. उंच, वाळका, मान कायम वर केलेली. आभाळ हात आखडता घेतं तेव्हा जे होतं ते म्हणजे कहत. त्याचा एक चुलता फार पूर्वी मराठीत येऊन स्थायिक झाला होता, जुन्या कागदांत कुठे कुठे तो अजून भेटतो, पण आता त्याला कुणी ओळखत नाही. कहत ओसरीवर बसला आणि माठातलं पाणी आटलं, विहिरीत दगड दिसायला लागले. मैमूनाला वाटलं, आता बरोबर माणूस आला. पण दाऊद लांबच्या झऱ्यावरून हंडे भरून आणत होता आणि त्याला दोन्ही वेळा रस्सा-भात वाढत होता. काही दिवसांत कहतच्या डोळ्यांत ढग जमले. एका दुपारी तो घोरत असताना त्याच्या खाटेवर बारीक पाऊस पडला आणि गादी उन्हात टाकावी लागली.

पाटीसमोर तो 'अवर्षण' या शब्दावरून पुढे गेला आणि 'उशिरा आलेला पाऊस' यापाशी थांबला. "हा मी," असं तो जरा लाजून म्हणाला. माथाड्यांनी छत्र्या चढवल्या.

त्यानंतर सना आली, एक म्हातारी. अरबीत साध्या वर्षाला सना म्हणतात आणि दुष्काळालाही सना म्हणतात. एखादं वर्ष असं येतं की त्याला वेगळं नाव ठेवायचं त्राण कुणात उरत नाही, नुसतं 'वर्ष' म्हटलं की सगळ्यांना कळतं. ती झोपाळ्यावर बसली की खोलीत वर्ष सरायचं. ती आली तेव्हा मैमूनाचे केस काळे होते, ती गेली तेव्हा कानामागून पांढरे झाले होते. दाऊदने तिला नारळाच्या रसातली सांदणं खाऊ घातली. म्हातारीला ती इतकी आवडली की ती एक चांगलं गेलेलं वर्ष झाली. पाटीवर तिने तेच ओळखलं. माथाड्यांनी जहाजाला फुलांचा हार घातला आणि ते रिकामं पाठवलं.

या वेळी तांडेल परत आला तो ओसरीवर बसलाच नाही. उभ्याउभ्याच त्याने सांगितलं, की खोऱ्यात आता शब्द मिळणं कठीण झालंय. शब्द यायचा तर तो बोलायला माणूस लागतं. मसगबा म्हणून एक होती, भूक आणि थकवा एकत्र झाल्यावर होते ती, पण तिला धक्क्यावरून लाँचच्या फळीवर पाऊल टाकणं जमलं नाही, ती तिथेच बसली. आता एकच उरलीय. तिला मी पुढच्या खेपेला आणतो, त्यानंतर मला तिकडे जायचं काही कारण राहणार नाही.

मैमूना स्वयंपाकघरात गेली. दाऊद सांदणाची भांडी पुसत होता आणि म्हातारीने किती खाल्ली ते मोठ्या कौतुकाने सांगत होता. त्या क्षणी मैमूनाला सगळं लख्ख दिसलं, आणि आपण इतके दिवस डोळ्यांवर पट्टी बांधून होतो याचा तिला भयंकर राग आला. राग नवऱ्याचा होता आणि स्वतःचाही होता.

"आता येल तिला जेवायला घालू नका," ती म्हणाली.

"मंग काय उपाशी ठेवू?"

"हो."

दाऊद हसला. बायकोची थट्टा त्याला कळत नसे, पण हसायचं असतं एवढं माहीत होतं. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि फडकं खाली ठेवलं. आपल्या दारातून आजवर कोणी उपाशी गेलेलं नाही, जहाजावर खलाशांनी दंगा केला त्या दिवशीही त्याने दंगेखोरांना आधी वाढलं होतं, हे तो सांगू लागला. मैमूनाने त्याला पुरं करू दिलं.

"तुमच्या हातचं खाल्लं की ते बदलतात," ती म्हणाली. "पाटीसमोर खोटं कोन बोलत नाय. ते खरंच बदललेले असतात. इथं ते पोटभर जेवले, आनि तिकरं मानसं मेली."

दाऊदला हे फार लागलं. तो चुलीसमोर बसला आणि बराच वेळ तिच्यातली राख सारखी करत राहिला. शेवटी त्याने विचारलं, पाहुणी उपाशी असताना आपण जेवायचं का? ते या घरात कधी झालं नव्हतं, आणि मैमूनालाही ते सुचलं नव्हतं. म्हणून ठरलं, की पाहुणी असेपर्यंत चूल पेटणार नाही, आणि घरात कुणीच जेवणार नाही.

मखमसाला तांडेलाने एका हातावर आणलं, धुतलेला कपडा आणावा तसं. मखमसा म्हणजे पोट खपाटीला गेल्यावर जी भूक उरते ती. तिच्या अंगावर बाकी सगळं होतं, डोळे, केस, कानांत पितळेची कुडकं, पण समोरून पाहिलं तर ती बाई होती आणि बाजूने पाहिलं तर दिसत नव्हती. ती ओसरीवर टेकली. दाऊद तिला सलाम करून आत गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवसापासून घर बारीक होऊ लागलं. पुढची भिंत मागच्या भिंतीकडे सरकत होती. आवाज नव्हता, भेग नव्हती, नुसती जागा कमी होत होती. आधी मधली खोली गेली. मग कपाट भिंतीवरच्या चित्रासारखं चपटं झालं आणि त्यातले कपडे काढता येईनात. खाट उभी करावी लागली. मैमूना आणि दाऊद आडवे चालायला शिकले, आणि समोरासमोर आले की एकाने श्वास सोडून दुसऱ्याला जाऊ द्यायचं असं त्यांनी ठरवून घेतलं. बरणीतले तांदूळ दिसायला तसेच होते, पण चिमटीत धरला की दाणा पोकळ निघायचा आणि फुंकर मारली की उडायचा.

पाहुणी फार बोलत नसे. मैमूनाने एकदा तिला विचारलं, की खोऱ्यात तुझा उच्चार शेवटचा कुणी केला.

"एक बाई," मखमसा म्हणाली. "तिने आधी मुलांची नावं घेतली. मग माझं घेतलं."

"मग?"

"मग तांडेल आला."

दाऊद भूक सोसत होता, त्याचं मैमूनाला आश्चर्य वाटलं नाही. समुद्रावर त्याने वादळात उपाशी दिवस काढलेले होते. त्याला जड जात होतं ते गप्प बसणं. संध्याकाळी वेळ जाईना म्हणून तो जहाजावरच्या ईदची बिर्याणी कशी करायचे ते सांगू लागला. कांदा किती, तो किती लाल करायचा, झाकणाला कणीक कशी लावायची. ऐकता ऐकता मैमूनाची नजर पाहुणीकडे गेली. मखमसाच्या गालावर मांस धरलं होतं. थोडंसंच, नखाएवढं, पण धरलं होतं. मैमूनाने नवऱ्याच्या तोंडावर हात ठेवला. त्यानंतर घरात कुठल्याही पदार्थाचं नाव निघालं नाही. नुसतं नाव घेऊन हे होतंय तर वासाने काय होईल, म्हणून शेजारची फोडणी आत येऊ नये यासाठी त्यांनी खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या. गाल पुन्हा बसायला पुष्कळ वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात घर आणखी वीतभर आवळलं.

दाऊदच्या अंगावरचं उतरत होतं. त्याचा सदरा आधी सैल झाला, मग आत गेला. मैमूना स्वतःही झिजली होती, पण तिचं शरीर मुळातच चिवट होतं. नवऱ्याकडे पाहून तिच्या पोटात कालवायचं, आणि पोटात कालवलं की तिला बरं वाटायचं, कारण याचा अर्थ अजून तिथे काहीतरी होतं. खोऱ्यातल्या बायकांना हेही उरलं नसेल, असं ती मनाला बजावत राहिली. मनाला ते पटायचं. पण दाऊद तिचा नवरा होता, आणि खोऱ्यातली एकही बाई तिने पाहिलेली नव्हती.

एका सकाळी तिच्या लक्षात आलं, की दाऊदची उजवी मूठ मिटलेली आहे. काल संध्याकाळीही ती मिटलेलीच होती. तिने त्याची बोटं एकेक करून उघडली. आत गुळाचा खडा होता, घामाने मऊ झालेला. हा चोरून खातोय असं वाटून तिला आधी रडू आलं, मग त्याची इतकी माया आली की खाऊ दे म्हणावंसं वाटलं.

"तुमी खाल्लात?"

"मी कशाला खाऊ?" दाऊद म्हणाला. "ती माज्याकरं बगत असते. मना बगवत नाय."

मैमूनाने गूळ त्याच्या हातातून घेतला, आडवी चालत बाहेर गेली आणि तो खाडीत फेकला. मग तिने हात वाळूने घासले आणि घरात येण्याआधी कितीतरी वेळा धुतले.

त्याच दिवशी शिरधनकर साहेबांचा निरोप आला, की गोदामातल्या तांदळाला बुरशी धरायला लागली आहे. पोत्यांमधून उष्ण वाफ येते आणि आत हात घातला तर भाजतो. आणखी थांबलं तर सगळं समुद्रात लोटावं लागेल. शब्द झाला असेल तर आणा, नसेल झाला तर तसं सांगा. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर साहेब होते आणि त्यांच्यावरही होते.

घराची पुढची भिंत तोवर मागच्या भिंतीला टेकली होती. ओसरीवरून आत पाऊल टाकलं की माणूस परसात निघायचा. मैमूनाने मखमसाला हातावर घेतलं. तुम्ही पडून राहा, असं ती दाऊदला म्हणाली, पण पडायला जागा नव्हती आणि पाहुणीला पोचवायला यजमानाने जायचं असतं. तो तिच्या खांद्याला धरून निघाला. वाटेत कुणी त्यांना थांबवलं नाही. चहाच्या टपरीवाल्याने त्यांना येताना पाहिलं आणि उकळतं पातेलं उतरवून त्यावर पोतं टाकलं.

धक्क्यावर माथाडी रांगेत उभे होते. मैमूनाने मखमसाला पाटीसमोर उभं केलं आणि खडू घेतला. दाऊदला उभं राहवेना, म्हणून तो पाटीच्या मोकळ्या भागाला पाठ टेकून राहिला.

तिने 'दुष्काळ' लिहिलं. मखमसाने वेळ घेऊन वाचलं.

"हा माझ्या ओळखीचा आहे," ती म्हणाली. "पण तो मी नाही."

'उपासमार' लिहिलं.

"हिची लोकांना सवय झाली आहे."

मैमूनाने ते पुसलं. मराठीत जे तिला सगळ्यात जवळचं वाटत होतं ते तिने मुद्दाम मागे ठेवलं होतं. तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पोट पाठीला लागणं'. मखमसा पुढे झाली आणि तिने 'पोट' या अक्षरांवरून बोट फिरवलं. मैमूनाला वाटलं, झालं आता.

"यात अजून पोट आहे," मखमसा म्हणाली. "माझ्यात नाही."

मैमूनाकडे आता शब्द नव्हता. जन्मभराच्या शिकवण्या, मोठमोठे कोश, पाठ केलेली रूपं, सगळं आठवून पाहिलं तरी काही निघेना. माथाडी तिच्याकडे पाहत होते आणि मागे गोदामाच्या दारातून कुबट वाफ येत होती.

मखमसा पाटीकडे पाहतच होती. मग ती दोन पावलं बाजूला सरकली, दाऊदसमोर उभी राहिली आणि कपाळापासून खाली त्याला वाचू लागली. दाऊदने डोळे मिटले होते. त्याचा सदरा छातीखाली आत गेला होता तो पाठीलाच टेकला होता, आणि पाठीमागच्या लाकडाच्या रेषा सदऱ्यातून दिसत होत्या. ती त्याच्या पायांपर्यंत पोचली. तिथून पुन्हा एकदा वर गेली.

"ही मी," ती म्हणाली.

माथाड्यांनी टोप्या काढल्या आणि एकेक जण पुढे येऊन दाऊदला वाचून गेला. वाचायला त्यांना वेळ लागला नाही. मग गोदामाची दोन्ही दारं उघडली आणि ते धावत सुटले. चांगली पोती चढली, गरम झालेली चढली, फाटलेली चढली, जमिनीवर सांडलेला तांदूळ सुपात भरून चढला. इतक्या घाईने खारशेतला कधी जहाज भरलेलं नव्हतं. मखमसा फळीवरून चालत वर गेली आणि पोत्यांवर जाऊन बसली. तिला कुणी काही देऊ केलं नाही, आणि तिने मागितलं नाही.

मैमूना दाऊदला उठवायला गेली तेव्हा त्याची पाठ पाटीपासून सुटेना. शिरधनकर साहेब तिच्याजवळ आले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"माल पलीकडे उतरेपर्यंत शब्द तसाच राहिला पाहिजे," ते म्हणाले. "तुम्हाला माहीत आहे, बाई."

"हे मानूस हाय."

"होय," साहेब म्हणाले. "पण बदलला तर जहाज फिरेल."

दाऊद डोळे मिटूनच म्हणाला, की जहाज जाऊ दे. आपण दोघांनी एवढं काढलं ते कशासाठी. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि मैमूनाला तेच सहन होईना. ती पळत घरी गेली.

घराने श्वास घेतला होता. पाहुणी गेल्याबरोबर भिंती जागच्या जागी गेल्या होत्या, मधली खोली परत आली होती, आणि बरणीतला तांदूळ वजनदार आणि भरीव झाला होता. मैमूनाने कितीतरी वर्षांनी चूल पेटवली. पाणी किती ठेवायचं ते तिला आठवेना. पेज खाली लागली, वर पातळ राहिली, आणि करपल्याचा वास साऱ्या घरात भरला. तिने मीठ घातलं, ढवळलं, पातेलं पदरात धरलं आणि धक्क्याकडे निघाली. रस्त्यात तिने काहीच ठरवलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला भूक लागली होती आणि तिच्या हातात पेज होती, एवढंच तिला कळत होतं.

जहाज खाडीच्या तोंडाकडे चाललं होतं. ते इतकं भरलं होतं की पाण्याच्या जेमतेम वर होतं. धक्क्यावरचे सगळे जण त्याच्याकडे पाहत उभे होते आणि मैमूना त्यांच्यातून वाट काढत पाटीपर्यंत आली. दाऊदने नाक वर केलं, मग डोळे उघडले.

"करपलीय," तो म्हणाला.

"हो."

"मीठ?"

"घातलंय."

त्याने पातेल्याकडे पाहिलं, जहाजाकडे पाहिलं, आणि मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"तू जेवलीस?"

मैमूनाने नाही म्हणून मान हलवली.

"मंग आदी तू जेव."

मागे माथाड्यांमध्ये कुजबूज झाली. मैमूनाने वळून पाहिलं. जहाज खाडीच्या तोंडाशी थांबलं होतं, पुढेही जात नव्हतं आणि मागेही येत नव्हतं. तिने दाऊदकडे पाहिलं. त्याच्या सदऱ्याखाली, लाकडाच्या रेषा दिसत होत्या तिथे, काहीतरी अगदी थोडं वर उचललं गेलं होतं.

पेज अजून कढत होती. पातेल्यावर ठेवायला तिच्याकडे काही नव्हतं. तिने दोन्ही तळवे पसरून पातेल्यावर दाबून धरले, आणि वाफ तिच्या बोटांमधून वर येत राहिली.